मोठ्यानं बोलणाऱ्यांचं गाव

आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात, आणि सगळ्यांत मोठ्यानं नायना. आम्ही सोलापूरचे तेलुगू; वडलांना नायना म्हणतो, आईला अम्मा. शेजारच्या खाटेवर बसलेल्या माणसाशीही नायना असे बोलतात, जणू तो रस्त्याच्या पलीकडं उभा आहे. त्यांचा फोन आला की माझा हात आपोआप कानापासून चार बोटं लांब जातो. चाळीस वर्षं मागाशेजारी उभं राहिलं की माणसाचा आवाज असाच होतो. शेडमध्ये वीस-बावीस माग एकदम चालू असले की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी निम्मंच कळतं, उरलेलं ओठांवरून ओळखावं लागतं. विणकरांच्या घरातली पोरं हे ओठ वाचणं कुणी न शिकवता शिकतात.

2003 साली मी पुण्यात शिकत होते, तेव्हा नायना एकदा मला भेटायला आले. पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेसनं आले, हातात पिशवी, पिशवीत एक चादर आणि शेंगाचटणीचा डबा. हॉस्टेलच्या खालच्या हॉलमध्ये पालकांना बसू देत. मला पाहून ते उठले आणि म्हणाले, "जेवण बरं देतात का गं इथं?" अख्खा हॉल वळून बघायला लागला. माझ्याबरोबर खोलीतली मैत्रीण होती. मी दबक्या आवाजात म्हटलं, "नायना, जरा हळू."

ते गप्प झाले. मग हळू बोलायला लागले. पण ज्याला स्वतःचाच हळू आवाज ऐकू येत नाही, त्याला हळू म्हणजे किती हळू हे कळणार कसं? त्यांचा आवाज पार नाहीसा झाला, नुसते ओठ हलत राहिले. अम्माची कंबर, धाकट्याची परीक्षा, सुताचा भाव, गल्लीत कुणाचं लग्न ठरलंय. तासभर ते माझ्याशी आवाजाविना बोलले आणि मी त्यांचे ओठ वाचत बसले. मैत्रिणीला वाटलं, बापलेकींत बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

त्या काळात कुणी "कुठली गं तू?" विचारलं की मी "पुण्याकडचीच" असं सांगत असे. पुणं आणि सोलापूर यांच्यामध्ये अडीचशे किलोमीटर आहेत.

गावाची लाज का वाटायची, हे सांगायचं तर गाव काय होतं आणि काय झालं ते थोडं सांगायला हवं. 1860 साली सोलापूरला रेल्वे आली आणि आसपासचा कापूस मुंबईच्या वाटेला लागला. 1877 साली पहिली कापडगिरणी सुरू झाली, तिलाच गाव पुढं जुनी मिल म्हणू लागलं. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, त्यांत आमचे पणजोबा. गिरण्यांच्या भोंग्यावर गाव उठायचं, जेवायचं, झोपायचं. आमच्या आजीला घड्याळ वाचता येत नव्हतं, तरी तिचा स्वयंपाक कधी चुकला नाही, कारण भोंगा चुकत नसे.

आणि मग एकेक करून गिरण्या मिटत गेल्या. मी दहा वर्षांची असताना नायनांची गिरणी बंद पडली. थकलेल्या येणे रकमेचे कागद त्यांनी अजून एका पत्र्याच्या पेटीत ठेवले आहेत. ते यंत्रमागाच्या कारखान्यात लागले. काल महिन्याचा पगार घेणारा माणूस आज नगावर मजुरी घ्यायला लागला. अम्मा आधीपासून विड्या वळायचीच, आता जास्त वळायला लागली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. हजार विड्या म्हणजे एक दिवस. तिच्यासाठी दिवस हा सूर्यानं मोजायचा नव्हताच, तो पंचवीस-पंचवीसच्या कट्ट्यांनी मोजायचा होता. कारखान्यात मोजून देताना नापास झालेल्या विड्या बाजूला पडायच्या, त्यांची मजुरी नाही. संध्याकाळी ती परत आली की तिच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळायचं, आज किती पडल्या.

अशा घरातून जे पोर शिकतं त्याला एकच गोष्ट शिकवली जाते: इथून निघ. "गावात काय ठेवलंय?" हे वाक्य मी सोलापुरात जितक्यांदा ऐकलं तितकं दुसरं कुठलंही ऐकलं नाही. आजही रविवारी रात्री स्टेशनवर जाऊन उभं राहावं. पुण्या-मुंबईला परतणाऱ्या पोरांनी फलाट भरलेला असतो. आया डबे देतात, बाप लांब उभे राहतात. साडेनऊ लाख लोकसंख्येचं शहर, दर आठवड्याला आपली तरुण पोरं गाडीत बसवून देतं आणि नळाला पाणी कधी येणार याचा हिशेब करत घरी जातं. उजनीचं पाणी शंभर किलोमीटरवरून नळानं येतं, पण घरात ते काही दिवसांतून एकदाच येतं. पाण्याचा दिवस हा आमच्याकडं वारांच्या यादीतला आठवा वार आहे.

मीही निघाले. आणि निघाल्यावर प्रत्येक नव्या शहरात मी माझ्या गावाला शेजारी उभं करून मोजत राहिले.

पहिली मुंबई. नोकरी लागली ती लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. जेवणाच्या सुट्टीत आम्ही फिनिक्स मिलच्या जागी झालेल्या मॉलमध्ये जायचो. चिमणी तिथं अजून उभी होती, तिच्या पायथ्याशी कॉफीची दुकानं. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते, त्यांतले कितीतरी याच रस्त्यांवरून चालत कामावर जायचे, हे मला ठाऊक होतं. तरी खरं सांगते, त्या वयात मला ते दृश्य आवडायचं. वाटायचं, बरं झालं, इथं निदान काहीतरी उभं राहिलं. सुट्टीत गावी गेले की बंद गिरणीच्या भिंतीवरून वाढलेली बाभूळ बघून मी चिडायचे. मॉल होणं हाच गिरणीचा मोक्ष, अशी माझी समजूत होती, आणि आमच्या गिरणीला तोही मिळाला नाही.

मग 2018 मध्ये कामानिमित्त आठवडाभर अहमदाबादला होते. आदल्याच वर्षी त्या शहराला युनेस्कोनं जागतिक वारसा शहर ठरवलं होतं, भारतातलं पहिलं. सकाळी काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघणाऱ्या पायी फेरीत मी सामील झाले. पोळांमधून, म्हणजे तिथल्या जुन्या गल्ल्यांमधून, चालताना वाटाड्या प्रत्येक कोरीव खांब, पक्ष्यांना दाणे टाकायचा प्रत्येक चबुतरा असा दाखवत होता, जसं कुणी आपल्या लेकराचा हात धरून पाहुण्यांपुढं आणावं. मला हेवा वाटला. आमच्या इंद्रभुवनची नक्षी मी कधी मान वर करून पाहिली होती? वारद यांनी बांधलेली ती देखणी वास्तू म्हणजे माझ्या लेखी महापालिकेत दाखला काढायला जायची जागा होती.

पण फेरी संपल्यावर ज्या रिक्षात बसले, तिच्या चालकाचे वडील मिल कामगार निघाले. मिल बंद पडल्यावर त्यांनी चहाची गाडी लावली आणि दोन वर्षांत ते वारले, एवढंच तो म्हणाला. सकाळभर पाहिलेल्या नक्षीकामात ही गोष्ट कुठं बसवावी ते मला कळेना. दारं-खांब जपले गेले हे चांगलंच झालं. ज्यांच्या कापडावर ते शहर श्रीमंत झालं होतं, त्यांचं काय झालं हे मात्र रिक्षात बसल्यावरच कळायचं होतं.

2023 च्या मे महिन्यात कंपनीनं मला तीन महिन्यांसाठी पोलंडला पाठवलं. शहराचं नाव लॉड्झ असं लिहिलेलं दिसतं, म्हणायचं मात्र वूच. त्याचा अर्थ नाव, पाण्यात चालणारी. शहराच्या चिन्हातही एक नाव आहे. आणि ज्या छोट्या नदीच्या काठी ते वाढलं ती वूडका नदी आता शहराखालून नळातून वाहते, वर रस्ते आणि घरं. नावेच्या नावाचं गाव आणि पाणी जमिनीखाली! पाण्याची वाट बघत मोठी झालेली मी, पहिल्याच आठवड्यात त्या शहराशी बांधली गेले.

ऑफिसातल्या पोलिश सहकारणीला मी विचारलं, शनिवार-रविवारी काय बघू? ती म्हणाली, "इथं बघण्यासारखं काही नाही. क्राकोवला जा, नाहीतर वॉर्साला." मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. सोलापूरला पाहुणे आले की आम्ही हेच सांगतो: इथं काय आहे, पंढरपूर करा, तुळजापूर करा, अक्कलकोट करा. तीन दिशांना तीन देव दाखवून आम्ही स्वतःचं गाव पाहुण्यांच्या नजरेआड ठेवतो.

मी कुठंच गेले नाही. तीन महिने वूचच बघितलं.

एकोणिसाव्या शतकात ते कापडाचं मोठं केंद्र होतं. लाल विटांच्या गिरण्या किल्ल्यासारख्या उभ्या आहेत. गिरणीमालक इझ्राएल पोझ्नान्स्की याच्या अवाढव्य कारखान्यात 2006 पासून मानुफाक्तुरा नावाचं दुकानांचं आणि करमणुकीचं संकुल आहे. सूतगिरणीच्या इमारतीत हॉटेल, शेजारच्या त्याच्या महालात शहराचं संग्रहालय. लोअर परळच्या मॉलपेक्षा हे कितीतरी जिव्हाळ्यानं केलं आहे हे मान्य करायला हवं. वीट न् वीट जागेवर आहे. पण संध्याकाळी चारेक किलोमीटर लांबीच्या पिओत्रकोव्स्का रस्त्यावरून चालताना दोन उजळलेल्या इमारतींमध्ये एखादी काळवंडलेली, खिडक्या फळ्यांनी बंद केलेली इमारत लागायची आणि मला ती जास्त ओळखीची वाटायची. 1989 नंतर राज्यव्यवस्था बदलली, सोव्हिएत बाजार गेला, आणि थोड्याच वर्षांत गिरण्या बसल्या. त्यांत काम करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. साडेआठ लाखांचं शहर आज साडेसहा लाखांच्या आसपास आहे. तिथंही रविवारी संध्याकाळी वॉर्साच्या गाडीला गर्दी असते. मी मुद्दाम जाऊन पाहिली. आया होत्या, डबे होते.

त्या बायकांबद्दल मी नंतर वाचलं. 1981 च्या जुलैमध्ये, दुकानांतून खायला मिळेनासं झालं तेव्हा, वूचच्या बायका लेकरांना घेऊन याच पिओत्रकोव्स्कावर मोर्चानं उतरल्या होत्या. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढं आमचा कन्ना चौक आला. विडी कामगार बायकांचे मोर्चे, लाल झेंडे, कडेवर पोरं, आणि त्या गर्दीत अम्मा, जी घरी कधी आवाज चढवत नसे आणि तिथं घोषणा देत असे. लहानपणी मी शाळेतून येताना तिला मोर्चात पाहिलं की दुसऱ्या गल्लीनं जायचे.

वूचमध्ये कार्ल शाइब्लर या मालकानं कामगारांसाठी बांधलेली विटांची वसाहत आहे, शाळा, दवाखान्यासकट. जगभरातले लोक ती पाहायला येतात. मीही दोनदा गेले. दुसऱ्या वेळी तिथल्या दगडी गल्लीत उभी असताना मला कुंभारीची घरं आठवली. सोलापूरच्या वेशीबाहेर, विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं भांडून, सरकारदारी धरणं धरून आणि आपल्या मजुरीतून पैसे भरून उभी केलेली दहा हजार घरं. 2006 साली ती ताब्यात मिळाली, वसाहतीला गोदूताई परुळेकरांचं नाव दिलं. अम्माची धाकटी बहीण तिथं राहते. कुणा मालकानं दया म्हणून दिलेली ही घरं नव्हेत. बायकांच्या एवढ्या मोठ्या कामाला जगातलं दुसरं कुठलं गाव डोक्यावर घेऊन नाचलं असतं! मी मात्र आजवर एकाही पाहुण्याला कुंभारीला नेलं नव्हतं. मावशीकडं मीच वर्षाकाठी एकदा, तेही घाईत जायचे.

त्याच मुक्कामात, 15 जूनला, फोनवर एक व्हिडिओ आला. कुमठ्याच्या साखर कारखान्याची चिमणी पाडली. विमानतळाच्या आड येते म्हणून वर्षानुवर्षं वाद चालला होता. काही सेकंदांत एवढी उंच चिमणी एका अंगाला कलली आणि धुळीत गेली. ती काही जुनी नव्हती, गिरणीचीही नव्हती, आणि विमान यावं असं मलाही वाटत होतंच. तरी मी तो व्हिडिओ दहा वेळा पाहिला. खिडकीतून समोर वूचची एक विटांची चिमणी दिसत होती, धूर सोडून तिला कितीतरी वर्षं झाली असतील, आणि रात्री तिच्यावर दिवे सोडत. इथं धूर नसलेल्या चिमण्या जपल्या जात होत्या, माझ्या गावात धूर सोडणारी पडली होती. कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवण्यात त्या रात्री मला रस नव्हता. मला फक्त घरी फोन करावासा वाटला. नायना ओरडून म्हणाले, "इथपर्यंत धक्का आला बघ!"

आता ज्या सकाळीबद्दल सांगायला मी हे सगळं लिहायला बसले, तिच्याकडं येते.

लुडविक गेयर नावाच्या कारखानदारानं 1830 च्या दशकात बांधलेली पांढरी फॅक्टरी आज वस्त्रोद्योगाचं संग्रहालय आहे. एका दालनात जुने माग मांडले आहेत आणि ठरलेल्या वेळी त्यांतला एखादा चालू करून दाखवतात. शाळेची एक सहल आली होती, त्यांच्या मागं मी उभी होते. निळा एप्रन घातलेली, सत्तरीकडं झुकलेली एक बाई आली, तिनं धोट्यात कांडी बसवली, सूत ओढून पाहिलं आणि दांडा ओढला.

खटाक्‌-खट, खटाक्‌-खट.

मुलांनी कानांवर हात ठेवले. माझे हात खालीच राहिले. तो आवाज कानांतून आला नाही, तळपायांतून वर आला. तेलाचा आणि सुताच्या कोंड्याचा वास आला. साखर पेठेतल्या भाड्याच्या खोलीत भिंतीपलीकडच्या शेडमुळं आमची भांडी रात्रभर फळीवर थरथरायची, त्या थरथरीवर आम्ही झोपायचो. सोलापुरात हा आवाज सोडून मला पळायचं होतं. सहा हजार किलोमीटर पळाल्यावर तो तिकीट काढून भेटला.

दोन-तीन मिनिटांनी बाईनं माग थांबवला. त्या शांततेनं मी दचकले. आमच्याकडं माग मधेच थांबला तर वीज गेलेली असते, नाहीतर सूत संपलेलं, नाहीतर कुणाच्या तरी हाताला लागलेलं. इथं तो थांबला कारण दाखवून झालं होतं.

मुलं पुढं गेली. बाई माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाली, इतक्या मोठ्यानं की दालनाच्या दुसऱ्या टोकाचा रखवालदार वळला. संग्रहालयातली इंग्रजी येणारी तरुण मुलगी पुढं आली आणि ओशाळून म्हणाली, "माफ करा, त्या जरा मोठ्यानं बोलतात. तीस वर्षं गिरणीत होत्या."

मी म्हटलं, "माझे वडीलही."

मुलीनं ते सांगितलं. बाईनं माझा हात धरला आणि विचारलं, किती माग सांभाळतात? मी चार बोटं दाखवली. तिनं मान डोलावली. मग मागांच्या गलक्यात त्या एकमेकींशी कशा बोलत ते मला दाखवण्यासाठी तिनं आपल्या ओठांकडं बोट केलं आणि आवाज न करता, मोठ्ठे मोठ्ठे ओठ हलवत एक लांबलचक वाक्य म्हटलं. भाषा मला येत नव्हती. पण तो चेहरा, भुवया वर, ओठ ताणलेले, डोळे समोरच्याला कळतंय का ते शोधणारे, हा मी वीस वर्षांपूर्वी पुण्याच्या एका हॉलमध्ये तासभर पाहिला होता.

मला रडू आलं. बाईला ते चुकीचं वाटलं नाही. तिनं नुकतंच विणलेलं तळहाताएवढं कापड कातरून माझ्या हातावर ठेवलं.

त्या दिवसापासून माझं मोजमाप मोडलं. तोवर मी प्रत्येक शहरात, तिथं काय आहे आणि आमच्याकडं काय नाही, हे बघत होते. वूचमध्ये पहिल्यांदा उलटं दिसायला लागलं. तिथं चार संस्कृतींचं शहर म्हणून अभिमानानं सांगतात: पोलिश, जर्मन, ज्यू, रशियन. पण ते सांगणं भूतकाळातलं आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी शहरातला प्रत्येक तिसरा माणूस ज्यू होता. नाझींनी त्यांना घेट्टोत कोंडलं, राबवलं आणि मारलं. आता त्यांच्या भिंती उरल्यात, नावांच्या पाट्या उरल्यात. त्या पाट्यांपुढं उभं राहून मला माझी गल्ली आठवली. आमच्या गल्लीतली कानडी अज्जी भाजीवाल्याशी कानडीत घासाघीस करते, तो उर्दू वळणाच्या हिंदीत उत्तर देतो, मधे अम्मा तेलुगूत बोलून जाते आणि शेवटी हिशेब मराठीत होतो. "काय करलालास बे?" हे आमचं मराठी त्या चौघांनी मिळून घडवलं आहे. पुण्यात मी ते जिभेवरून घासून काढलं होतं.

आणि आमच्याकडचे चार पुतळे. 1930 च्या मे महिन्यात सोलापूर इंग्रजांविरुद्ध असं पेटलं की लष्करी कायदा लावावा लागला. पुढं 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. नावं एका दमात वाचली की गाव कळतं. शाळेत दर जानेवारीत आम्ही ती पाठ म्हणायचो. ती एका गल्लीतल्या शेजाऱ्यांसारखी वाटायची, म्हणून त्यांत विशेष काही आहे हे कधी जाणवलंच नाही.

हे लिहिताना मला एका गोष्टीची भीती वाटते. दूर राहणारी लेक गावाकडं असं कौतुकानं बघायला लागली की तिला धूळ दिसेनाशी होते. सोलापुरातला माग चालू आहे तो कुणी जपला म्हणून नव्हे. दुसरं काही मिळालं नाही म्हणून तो चालू आहे. सुताचा कोंडा छातीत बसतो. मजुरी नगावर आहे. दुसरीकडं विणलेल्या चादरी सोलापुरी म्हणून विकल्या जातात आणि खऱ्या चादरीला गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. शेडमध्ये आता विशीतलं पोरगं क्वचित दिसतं. गिरण्यांच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांशी नायना वाद घालतात. ते म्हणतात, उन्हाळ्यात गिरणीच्या खात्यात एकदा आठ तास उभे राहा आणि मग भोंग्याची गाणी गा. मला मागाजवळ कधी येऊ द्यायचं नाही हे त्यांनी आणि अम्मानं मिळून ठरवलं होतं, आणि ते बरोबरच होतं. मला एवढंच म्हणायचं आहे की ज्या गावाला मी मेलेलं समजून त्याची लाज बाळगली, ते दमलेलं होतं. दमलेल्या माणसाला पाणी द्यायचं असतं, मजुरी द्यायची असते, झोप द्यायची असते. मी त्याला तोंड लपवून ओलांडून गेले.

ऑगस्टमध्ये परत आले ती थेट सोलापूरला. पहाटे स्टेशनवर उतरले, रिक्षा अशोक चौकात सोडली आणि पुढं चालत गेले. उजाडायचं होतं. पाण्याचा दिवस होता. दारोदार घागरी, मोटारींची घरघर, बायकांची हाकाटी चार भाषांत. आणि त्या सगळ्याखाली, रात्रपाळीच्या शेडमधून, खटाक्‌-खट. आयुष्यभर ऐकलेला आवाज मी पहिल्यांदा थांबून ऐकला. एका शेडच्या जाळीतून आत पाहिलं. दिव्याखाली उभा असलेला विणकर कपाळाचा घाम पुसून तुटलेला धागा जोडत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि काय पाहिजे अशा अर्थानं हनुवटी उचलली. मी काही नाही म्हणून हात हलवला.

नायना सत्तरीचे झालेत, तरी सकाळी चार तास गल्लीतल्या शेडमध्ये कांड्या भरायला जातात. घरी बसवत नाही त्यांना. ते निघायच्या आत मी ते तळहाताएवढं कापड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, दाराच्या उजेडात गेले, कापड उलटं केलं, अंगठ्यानं कड चोळली.

"ताणा चांगलाय," ते म्हणाले. "कड सैल सोडलीय. माग जुना आहे ना?"

"खूप जुना."

"बाई एका वेळी किती चालवते?"

"एकच. लोक बघायला आले की."

"बघायला?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग कापड विकत नाहीत?"

"नाही."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग शेजारच्या खिडकीतून अज्जीनं डोकावून बघावं इतक्या मोठ्यानं म्हणाले, "मग तिला मजुरी किती देतात?"

मला माहीत नव्हतं.

"विचारायचं नाही का?" ते म्हणाले. कापडाची घडी घालून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. "शेडमध्ये दाखवतो. त्या गावाचं नाव काय म्हणालीस?"

"वूच."

"वूच," ते म्हणाले, पुन्हा एकदा म्हणाले, आणि चप्पल घालून निघाले. मी दारात उभी राहिले. शेड चार घरांपलीकडं आहे. आत जाताना त्यांनी खिशातून कापड काढलं, दोघं-तिघं जवळ आले. मागांच्या आवाजात त्यांचा आवाज बुडाला. लांबून मला फक्त त्यांचे ओठ दिसत होते, पुढं आलेले, गोल झालेले. वूच, ते सांगत होते.